नऊ हजार लिटर हवा

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण अकरा किलो हवा लागते. आकारमानात मोजली तर नऊ हजार लिटर. गच्चीवर हजार लिटरच्या नऊ टाक्या ओळीने मांडल्या तर त्यांत मावेल एवढी. पेट्रोलचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. हवा फुकटची, म्हणून ती इंजिनात कुठून शिरते, किती तापून शिरते, वाटेत किती वळणं घेते, हे वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही विचारून बघा, सांगता येत नाही. त्यात त्याचा काही दोष नाही. हवेचं बिल कुणी पाठवत नाही. ही गोष्ट त्याच वाटेची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या ‘इनटेक’ची, आणि माझ्या ट्रकची ती वाट मी घरी कशी दुरुस्त केली त्याची.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथे अंगणासाठी माती, खत, लाकूड काहीही आणायचं तर पिकअप लागतो. शिवाय दर वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर कुणाच्या तरी व्हॅनमध्ये कोंबायचं आणि पोचल्यावर मोडलेले कोपरे चिकटवत बसायचं, याचा मला कंटाळा आला होता. म्हणून १९९४ सालचा एक शेव्हरोले सी-१५०० घेतला. रंग उन्हाने उडालेला, सीटची शिवण उसवलेली. पण इंजिन ठणठणीत. ५.७ लिटरचं व्ही-८, अमेरिकन हिशेबात ३५० घनइंच. या घराण्यातलं पहिलं इंजिन १९५५ साली आलं, ३५० घनइंचाचं १९६७ साली, आणि त्याचे सुटे भाग आजही कुठल्याही दुकानात मिळतात.

माझ्या ट्रकमधलं इंजिन मधल्या पिढीतलं आहे. हवेत पेट्रोल मिसळणारा जुना कार्बोरेटर गेलाय, पण प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर अजून आलेला नाही. कार्बोरेटर बसायचा त्याच जागी थ्रॉटल बॉडी आहे, म्हणजे पाय दाबला की पाकळ्या उघडून हवेला वाट देणारा भाग. तिला जेमतेम ४३ मिलिमीटर व्यासाची दोन भोकं, आणि प्रत्येक भोकावर एकेक इंजेक्टर. वरचं झाकण काढून, इंजिन चालू ठेवून, मेकॅनिकच्या टायमिंग लाइटच्या लुकलुकत्या उजेडात पाहिलं तर पेट्रोलचा शंकूसारखा फवारा थबकत थबकत पडताना दिसतो. नव्या गाड्यांत असलं काही डोळ्यांना दिसत नाही. तिथे सगळं प्लॅस्टिकच्या झाकणाखाली.

आधीच्या मालकाने या थ्रॉटल बॉडीच्या डोक्यावर क्रोमची चकचकीत थाळी बसवलेली होती. दोन थाळ्या, मध्ये चहूबाजूंनी उघडा गोल फिल्टर. बॉनेट उघडलं की पाहणारा हमखास ‘वा’ म्हणणार. कंपनीने दिलेलं एअर क्लीनरचं काळ्या पत्र्याचं बंद डबडं त्याने कधीच फेकून दिलेलं. डबडं हवा अडवतं, उघडा फिल्टर इंजिनाला मोकळा श्वास देतो, अशी ही समजूत. अमेरिकेत ती पन्नासेक वर्षं तरी जिवंत असेल आणि निम्मी खरीही आहे. हवा अडत नाही हे कबूल. पण ती हवा कुठली? पुढे रेडिएटर, त्यामागे पंखा, दोन्ही अंगांना जळालेला वायू बाहेर नेणारे तापलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, आणि या सगळ्याच्या मधोमध ही थाळी. रेडिएटरमधून भाजून निघालेली हवा पंखा थेट तिच्यावरच फेकतो.

हे मोजायला स्वयंपाकघरातला थर्मामीटर उचलला. साखरेच्या पाकाला लावतात तो, लांब तारेचा. त्याची सळई झाकणाच्या फटीतून आत सोडली, तार बॉनेटच्या कडेने काढून खिडकीतून आत घेतली.

‘‘तो परत माझ्या स्वयंपाकघरात आणायचा नाही,’’ बायको दारातूनच म्हणाली. ‘‘आणि दिवाळीला चिरोट्यांचा पाक बिघडला तर मला विचारायचं नाही.’’

बाहेर ३८ अंश सेल्सिअस. टेक्सासचा साधा जुलै. मोकळ्या रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरला फिल्टरपाशी ५२ दिसत होते. सिग्नलला थांबलं की आकडा चढायला लागायचा, आणि बांधकामाच्या रांगेत अडकल्यावर ७५ वर गेला. म्हणजे जिथून निघताना जोर लागतो, नेमका तिथेच इंजिन सगळ्यात पातळ हवा ओढत होतं. तापलेली हवा विरळ असते एवढं शाळेतलं भौतिकशास्त्र पुरे आहे; फक्त तापमान शून्य सेल्सिअसपासून न मोजता केल्व्हिनमध्ये धरायचं. ७५ अंश म्हणजे ३४८, ३८ म्हणजे ३११. प्रत्येक घोटात जवळजवळ अकरा टक्के हवा कमी.

कोल्हापूरला दादाला फोनवर हे सांगितलं. घरची शेती आणि ट्रॅक्टर त्याच्याकडे. तो हसायलाच लागला.

‘‘आरं, ट्रॅक्टरचा एअर क्लीनर बॉनेटच्या वर नळकांडं काढून उभा का असतोय, ठावं हाय न्हवं? खाली फुफाटा, वर थंड हवा. तुमच्या अमेरिकेतल्या मान्सांना एवढं कळंना व्हय?’’

कळलेलं होतं, हे मला पुढे समजलं. पण दादाचं म्हणणं बरोबर. उसाच्या फडात चालणारा ट्रॅक्टर पाचटाचा कचरा आणि धूळ यांच्यातून दिवसभर फिरतो, आणि त्याचा श्वास डोक्याच्या उंचीवरून येतो. जुन्या ट्रॅक्टरांना, जीपांना, मालट्रकांना ऑइल बाथ असायचा: खाली तेलाची वाटी, हवा वरून येऊन तेलावर आपटायची, जड धूळ तेलात बसायची, आणि ओलसर जाळीतून उरलेली हवा पुढे जायची. लहानपणी उद्यमनगरातल्या गॅरेजबाहेर उपड्या घातलेल्या त्या वाट्या आणि त्यांतला काळा चिकट गाळ मी कितीदा पाहिलाय. इंजिनाने काय गिळायचं टाळलं, ते त्यात दिसायचं.

इंजिनाला गार हवा देण्यासाठी बाजारात तयार किटं मिळतात. एक चकचकीत नळी, शंकूच्या आकाराचा फिल्टर, चार क्लॅम्प, आणि दोन-तीनशे डॉलर. खोक्यावर किती अश्वशक्ती वाढेल याचा मोठा आकडा छापलेला. माझ्या ट्रकसाठीची काही मी पाहिली, तर त्यांतही फिल्टर शेवटी बॉनेटच्या आतच, फक्त कोपऱ्यात. यापेक्षा घरी केलेलं बरं.

सुरुवात भंगारातून केली. इथे स्वतः खोलून नेण्याची भंगार-आवारं असतात. दारात दोन-चार डॉलर द्यायचे, आपली हत्यारं आपण न्यायची, शेकडो गाड्या चाकांच्या रिमवर टेकवून ओळीने लावलेल्या, हवं ते काढायचं आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. उन्हात पत्र्याला हात लावायची सोय नाही. हातमोज्यांशिवाय पाना धरता येत नाही. माझ्या ट्रकच्या मॉडेलचे तिथे बरेच होते. एकाच्या डोक्यावर मूळचं काळं डबडं शाबूत सापडलं आणि तिथेच बॉनेटच्या सावलीत उभा राहून मी ते बराच वेळ बघत बसलो.

त्या डबड्याला एक सोंड असते. सोंडेच्या पुढच्या टोकाला लवचीक नळी आणि तिच्यापुढे प्लॅस्टिकचा पाट, जो हेडलाइटच्या मागे रेडिएटरच्या चौकटीपर्यंत जातो. तिथे बाहेरची थंड हवा. म्हणजे लोक पैसे मोजून जो ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवतात, तो कंपनीने या ट्रकला कारखान्यातूनच दिलेला होता. आणि आधीच्या मालकाने तो काढून, पैसे मोजूनच, गरम हवेचा इनटेक बसवला होता.

सोंडेच्या पोटाला खालून आणखी एक भोक होतं. त्याला कागद आणि फॉइलची एक नळी जोडलेली, आणि तिचं दुसरं टोक एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या पत्र्याच्या टोपडीत. मुद्दाम गरम हवा घ्यायची सोय! सोंडेच्या आत एक झडप. ती वर-खाली करायला वरच्या बाजूला इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, चालणारा बशीएवढा डबा, आणि फिल्टरशेजारी तापमान ओळखणारा, तापला की वाकणारा छोटा द्विधातूचा तुकडा. इंजिन गार असेल तर हा तुकडा व्हॅक्यूम डब्याकडे जाऊ देतो, झडप उचलली जाते, थंड वाट बंद होऊन मॅनिफोल्डवरची ऊबदार हवा आत येते. आतली हवा पुरेशी तापली की व्हॅक्यूम सुटतो आणि झडप पडते. यात कॉम्प्युटर नाही, वायर नाही. मी नळीला तोंड लावून हवा ओढली, तर झडप टक्कन वर गेली आणि जीभ लावून धरली तोवर तिथेच राहिली. तीस वर्षांचा रबरी पडदा, टेक्सासच्या उन्हात तापत पडलेला, अजून एक थेंब हवा गळू देत नव्हता.

ही झडप का, ते इंजिनाच्या पिढीत दडलंय. इथे पेट्रोल थ्रॉटलच्या वर पडतं आणि तिथून इनटेक मॅनिफोल्डच्या लांब नळ्यांतून हवेबरोबर सिलिंडरपर्यंत जातं. नळ्या गार असतील तर ते वाटेतच भिंतींवर चिकटतं, आणि इंजिन खोकत चालतं. त्यात पेट्रोलचं बाष्प होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. हवा दमट आणि तापमान शून्याच्या थोडं वर असेल तर थ्रॉटलच्या पाकळ्यांवर चक्क बर्फ धरू शकतो. हेच इंजिन मिनेसोटातही विकलं जायचं आणि ॲरिझोनातही. तेव्हा इंजिनियरांनी जे केलं ते गरजेपुरतं गरम आणि गरजेपुरतं थंड असं होतं. क्रोमच्या थाळीला असला काही विचार नाही.

डबडं, झडप, टोपडी सगळं काढून घेतलं. पुढचा प्लॅस्टिकचा पाट मात्र हातात घेताच बिस्किटासारखा तुटला. त्या आवारातल्या सगळ्याच ट्रकांवर त्याची तीच गत होती. म्हणून सोंडेच्या टोकापासून हेडलाइटपर्यंतचा भाग घरी बनवायचा ठरलं. घरगुती म्हणण्यासारखं काम एवढंच. पण सगळी गंमत त्यातच आहे.

पहिला प्रश्न नळीचा. हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी मिळते ती पांढरी पीव्हीसी, आणि घरगुती इनटेकांत ती सर्रास दिसते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला तिच्याबद्दल विचारावं. शेतात पाइपलाइन जोडताना पाचटाचा जाळ करून त्यावर पीव्हीसीचं टोक फिरवायचं, मऊ झालं की दुसरा पाइप त्यात दाबून बसवायचा, गार पाणी ओतलं की झाला सांधा. ही नळी ऐंशी अंशांच्या पुढे आकार सोडते, आणि साठपर्यंतच वापरावी अशी तिची मर्यादा सांगतात. बॉनेटखाली ७५ मोजलेल्या माणसाने ती घ्यायची नसते. तरी शेजारच्या आजोबांना पटेना. निवृत्त प्लंबर आहेत. आयुष्यभर तीच नळी जोडली. म्हणून गॅरेजमध्ये एका पातेल्यात पाणी उकळलं, हातभर तुकडा त्यात उभा धरला आणि त्यांच्या हातात दिला. अंगठ्याने दाबला तर लंबगोल झाला. ‘‘हं,’’ एवढंच म्हणाले.

मग घेतली कपडे वाळवायच्या यंत्राला लावतात ती ॲल्युमिनियमची चार इंची नळी, अर्धवट लवचीक. तिच्या आतल्या वळ्यांमुळे हवा थोडी घासते, म्हणून ती पूर्ण ताणून सरळ ठेवायची आणि वळणापुरती वाकवायची. धातूची नळी तापून हवाही तापवणार नाही का, असं आजोबांनी विचारलं. त्याचं उत्तर आकड्यांतून मिळतं. ५.७ लिटरचं इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून ती सेकंदाला एकोणीस मीटर वेगाने जाते. मीटरभर नळी पार करायला एक-विसांश सेकंद. एवढ्यात ती काय तापणार? उभ्या गाडीत, इंजिन नुसतं गुरगुरत असताना, वेग सेकंदाला मीटरभर, आणि तेव्हा मात्र नळी हवेला चांगली शेकते. म्हणून नळीभोवती उष्णतारोधक पट्टा गुंडाळला. दिसायला तो बँडेजसारखा दिसतो. माझी हरकत नाही.

नळीच्या तोंडाबद्दल मी जरा जास्तच वेळ घालवला, कारण बहुतेक लोक तिथे काहीच करत नाहीत. नळी कापतात आणि तशीच सोडतात. धारदार कडेतून हवा आत शिरताना कडेपाशी सुटते, भोवरे धरते, आणि नळीचा पूर्ण घेर वापरात येत नाही. कडा बाहेर गोल वळवलेली असेल तर हे नुकसान फारच थोडं उरतं. शर्यतीच्या इंजिनांवर कर्ण्याच्या तोंडाच्या नळ्या असतात त्या यासाठीच. आता ॲल्युमिनियमच्या पत्र्याला घरी तसा गोल ओठ काढणं सोपं नाही. पत्रा दोन दिशांना ताणावा लागतो, आणि तो फाटतो. देशी दुकानात उभा असताना मला स्टीलचा तांब्या दिसला.

तांब्याचा गळा आणि बाहेर वळलेलं तोंड म्हणजे हुबेहूब तेच. समारंभात पंगतीला पाणी वाढायला असतो तसला मोठा तांब्या घेतला; गळ्याचा व्यास नळीला जुळणारा. घरी आल्यावर पहिला प्रश्न आला, ‘‘पूजेचा नाही ना?’’ नाही म्हटल्यावर परवानगी मिळाली. गळ्याच्या खाली दोन बोटांवर मास्किंग टेपची रेघ मारली आणि ग्राइंडरच्या पातळ चकतीने हळूहळू फिरवत कापला. स्टीलचा पत्रा पातळ, त्यामुळे चकती जरा रेटली की कडा निळी पडून वाकते. दर काही सेकंदांनी थांबून ओल्या फडक्याने गार करायचं. मग कानस. कापलेल्या कडेवर बोट फिरवून कुठे टोचत नाही ना बघायचं, आणि ते बोट जपून फिरवायचं. हेडलाइटमागच्या भोकाचा आकार लंबगोल होता, म्हणून पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो छपराच्या ॲल्युमिनियम पत्र्यावर ठेवून, कातरीने पट्टी काढली. लंबगोलाची गोलाशी गाठ घालायला पट्टीला बोटबोटभर अंतरावर चिरा दिल्या, पाकळ्या वाकवल्या, आणि तांब्याच्या गळ्याला पॉप रिव्हेटने ठोकल्या. फटींवर फॉइलची टेप. पत्रा रेडिएटरच्या चौकटीला घासू नये म्हणून जुनी रबरी नळी उभी चिरून कडेवर चढवली.

क्रॅंककेसची, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीची, नळी हा एक भाग लोकांच्या नजरेतून सुटतो. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली गळतच असतो. तो पीसीव्ही झडपेतून पुन्हा इंजिनात ओढला जातो, आणि त्याच्या जागी ताजी हवा यावी म्हणून एअर क्लीनरमधून दुसऱ्या बाजूच्या व्हॉल्व्ह कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला, एक नळी येते. ती फिल्टरच्या स्वच्छ बाजूनेच यायला हवी. क्रोमची थाळी बसवताना ती नळी काढून कव्हरवर लिंबाएवढा फिल्टर खोचलेला होता, आणि त्याभोवती तेलाचा तेलकट थर. मूळ डबडं परत आल्याने नळीलाही तिची जागा मिळाली.

सगळं बसवल्यावर मोजणी. दाब मोजायला यू-नळी केली: पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, फळीवर ठोकलेली, आत जिलबीचा केशरी रंग घातलेलं पाणी, शेजारी फूटपट्टी. एक टोक एअर क्लीनरच्या आत, एक मोकळं. फळी मुलीच्या मांडीवर. हायवेला चढायच्या उतारावर मी थ्रॉटल पूर्ण दाबायचा आणि तिने दोन बाजूंच्या पाण्यातलं अंतर ओरडून सांगायचं. उघड्या थाळीला दीड सेंटिमीटर. सोंड आणि माझी नळी मिळून तेरा. ती वाईट वाटून म्हणाली, ‘‘बाबा, हे तर जास्त झालं.’’

झालंच. पण पाण्याचा एक सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण हजारावा भाग. साडेअकरा सेंटिमीटर जास्त म्हणजे सव्वा टक्क्याच्या आतला तोटा. समोर ठेवायचं तापमान: त्याच उन्हात, त्याच रस्त्यावर, ५२ च्या जागी ४२. घनतेचा फायदा तीन टक्के. तोही पूर्ण हाती लागत नाही, कारण इनटेक मॅनिफोल्डच्या तापलेल्या भिंती हवेला पुन्हा तापवतातच. म्हणून इंजिनाची शक्ती हवामानानुसार दुरुस्त करायच्या सूत्रात तापमानाचं वर्गमूळ घेतात. तीनाचे उरले दीड. त्यातून सव्वा गेला. दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनावर मोकळ्या रस्त्याला माझी निव्वळ कमाई एक घोडा, तोही किरकोळ अंगाचा.

रांगेत अडकल्यावर मात्र चित्र पालटतं. ७५ च्या जागी ४८. तिथे चार टक्क्यांच्या आसपास फायदा, आणि फेऱ्या कमी असल्याने नळीचा अडथळा जवळपास शून्य. शिवाय गरम हवेने इंजिन ठोकायला लागतं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून ठकठक होते, की नॉक सेन्सर ते ऐकून ठिणगी मागे सरकवतो आणि जोर आणखी घटतो. ट्रकमागे माती भरलेली असताना, उन्हात, सिग्नलवरून निघताना फरक कळतो. कुठल्याही किटच्या खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. तिथे कमाल अश्वशक्तीचा आकडा असतो, आणि ती ४,००० फेऱ्या माझा ट्रक वर्षात कितीदा पाहणार?

पुढून येणाऱ्या वाऱ्याने हवा इंजिनात कोंबली जाते, हीही एक लाडकी कल्पना. ताशी शंभर किलोमीटरला वाऱ्याचा सगळा दाब पकडला तरी तो वातावरणाच्या अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही. बॉनेटवरचे ते नाकपुड्यांसारखे फुगवटे गार हवा देतात, दाब देत नाहीत. मायलेजचंही तेच. पेट्रोल इंजिनात आपण पाय कमी दाबतो तेव्हा थ्रॉटलची पाकळीच हवा अडवून धरते. तिच्या आधीची वाट आणखी मोकळी करून एक थेंबही वाचत नाही. उलट मायलेजच्या नादाला लागलेले काही जण मुद्दाम गरम हवा घेतात, म्हणजे पाकळी जास्त उघडी ठेवावी लागते.

मग इतक्या लोकांना शक्ती वाढल्यासारखी का वाटते? आवाजामुळे. बंद डबडं आणि सोंड इंजिनाचा श्वास दाबून ठेवतात. ती काढली की थ्रॉटल दाबताच पुढून खर्जातली डरकाळी येते, आणि कान जे ऐकतो ते पाठीला जाणवतं. शेजारच्या आजोबांनी नव्या इनटेकने एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाले, ‘‘मंद झाला की रे.’’ त्यांना पाकाचा थर्मामीटर दाखवला. त्यांचं मत बदललं नाही.

काही किटांची नळी थेट बंपरच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर जाते, कारण तिथली हवा सगळ्यात गार. मुंबईकराला याचा धोका सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि नंतरचे कित्येक आठवडे गॅरेजांत वाकलेल्या कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या, गाड्या उभ्या होत्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. घोटभर पाणी सिलिंडरमध्ये गेलं की वर येणाऱ्या पिस्टनला जागाच उरत नाही, आणि वाकतो तो रॉड. डॅलसलाही वळवाचा पाऊस रस्त्यांच्या खोलगटात कमरेएवढं पाणी उभं करतो. हेडलाइटच्या मागची जागा इंजिनियरांनी उगाच निवडलेली नव्हती.

कायद्याचं थोडक्यात. टेक्सासमध्ये एवढ्या जुन्या गाडीला धुराच्या चाचणीतून सूट आहे. कॅलिफोर्नियात हाच उद्योग करायचा तर तिथल्या हवा-मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलाच भाग लागतो, आणि तांब्याला तो मिळण्याची शक्यता नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ आधी वाचून घ्यावं. आरटीओच्या दारात तांब्याचं वायुगतिशास्त्र समजावायची वेळ येऊ नये.

एक काम अजून राहिलंय. इथे चिखलाची घरटी करणारी कुंभारीण माशी फार, आणि तिला अंगठ्याएवढं भोकही पुरतं. माझ्याकडे तर दहा सेंटिमीटरचं आयतं दालन आहे. तोंडाला जाळी लावली तर माशी आणि वाळकी पानं बाहेर राहतील, पण बारीक जाळीने पाण्याची पातळी किती सरकते ते आधी बघायचं आहे. मोठ्या डोळ्यांची जाळी आणलीय, फळी पुन्हा बाहेर काढलीय, आणि शनिवारी मुलीला मोकळा वेळ आहे का ते विचारायचंय. जिलबीचा रंग संपला. बायको म्हणते, हळद वापरा.